कडुलिंबाचे शेंडे का वाळतात?
हवामान, कीटक आणि वृक्षरोग यांचा संबंध

लोहा तालुक्यातील कोणत्याही गावी गेले तरी कडुलिंबाचे झाड दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. शेताच्या धुऱ्यावर, आखाड्यासमोर, देवळाच्या पारावर, शाळेच्या आवारात आणि रस्त्याच्या दुतर्फा हे झाड उभे असते. गुढीपाडव्याला त्याची कोवळी पाने लागतात, उन्हाळ्यात त्याच्या सावलीत गुरे विसावतात आणि मृगाच्या सुमारास खाली पडलेल्या निंबोळ्यांपासून कापूस, तूर व सोयाबीन या पिकांवरील फवारणीचा अर्क तयार होतो. इतर पिकांवरील किडींना आवर घालणारे हे झाड स्वतः कधी रोगाला बळी पडेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु कडुलिंबालाही रोग होतो. त्या रोगाचे कमीजास्त होणे हवामान आणि एक लहानसा कीटक या दोहोंवर पुष्कळ अवलंबून असते.

2021 साली पावसाळा सरता सरता तेलंगण राज्यात कडुलिंबाची असंख्य झाडे शेंड्याकडून वाळू लागली. दुरून पाहणाऱ्यास ती झाडे आगीने होरपळल्यासारखी दिसत. तेलंगणचे निजामाबाद, निर्मल, आदिलाबाद व कामारेड्डी हे जिल्हे नांदेड जिल्ह्यास लागून आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तालुक्यांतील शेतकऱ्यांचे सीमेपलीकडे नित्य जाणे-येणे असते. वारा, पाऊस आणि कीटक यांना तर राज्याची सीमा ठाऊकच नसते. म्हणून हा रोग कसा उद्भवतो, कशाने बळावतो आणि त्यावर काय करता येते, याची माहिती लोहा, कंधार, अहमदपूर या भागांतील शेतकऱ्यांना व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना असणे अगत्याचे आहे.

रोगाची लक्षणे

रोग प्रथम कोवळ्या फांद्यांच्या टोकांवर दिसतो. टोकाकडील पाने मलूल होतात, तपकिरी पडतात आणि पुष्कळदा गळून न पडता तशीच लोंबत राहतात. फांदी टोकाकडून बुडख्याकडे वाळत येते. फांदीच्या सालीवर काळपट डाग दिसतात. रोगट झाडाचा मोहर व निंबोळी यांचेही नुकसान होते, फळे कुजतात आणि बियांची उगवण घटते. लहान रोपापासून जुन्या वृक्षापर्यंत कोणत्याही वयाच्या झाडास हा रोग होऊ शकतो.

या रोगास कारण होणाऱ्या बुरशीचे नाव फोमॉप्सिस ॲझाडिराक्टी असे आहे. म्हैसूर येथील शास्त्रज्ञांनी 1997 साली या बुरशीचे वर्णन करून तिला हे नाव दिले. वाळलेल्या काडीवर ही बुरशी टाचणीच्या टोकाएवढे बारीक काळे ठिपके तयार करते. त्या ठिपक्यांत तिचे असंख्य बीजाणू असतात. पाऊस पडला की ते बाहेर येतात आणि थेंबांच्या उडण्याने शेजारच्या पानांवर व फांद्यांवर जाऊन पडतात. रोगट झाडाच्या बियांमधूनही बुरशी रोपवाटिकेपर्यंत पोहोचते.

कीटकाचा भाग कोणता?

बुरशीचा बीजाणू निरोगी सालीवर पडला म्हणजे लगेच रोग होतो असे नाही. आत शिरण्यास त्याला वाट लागते. ती वाट करून देणारा कीटक म्हणजे चहावरील ढेकण्या होय. इंग्रजी नावावरून यास टी मॉस्किटो बग असेही म्हणतात, पण हा डास नव्हे. ढेकणाच्या मोठ्या वर्गातील हा एक सडपातळ कीटक असून त्याचे शास्त्रीय नाव हेलोपेल्टिस अँटोनी असे आहे. कोकणातील काजू बागायतदार यास चांगले ओळखतात, कारण काजूच्या पालवीचे व मोहराचे तो मोठे नुकसान करतो. पेरू आणि कडुलिंब यांवरही तो राहतो.

पूर्ण वाढलेल्या कीटकाचे डोके काळे व छाती तांबूस असते. त्याच्या पाठीवर टाचणी रोवल्यासारखा एक बारीक उभा काटा असतो. ही खूण ध्यानात ठेवल्यास कीटक ओळखण्यात चूक होत नाही. मादी कोवळ्या फांदीच्या आत अंडी घालते. प्रत्येक अंड्याचे दोन केसासारखे तंतू सालीबाहेर दिसतात. अंड्यातून निघालेली पिल्ले पाच वेळा कात टाकून प्रौढ होतात. हवामान अनुकूल असल्यास ही सर्व वाढ तीन ते चार आठवड्यांत पुरी होते. पिल्ले आणि प्रौढ दोन्ही सोंड खुपसून रस शोषतात. सकाळी व सायंकाळी त्यांचे खाणे विशेष चालते, तर भर उन्हात ती पानांआड लपून राहतात.

रस शोषताना कीटकाची लाळ झाडात उतरते. ती विषारी असल्याने टोचलेल्या जागी पेशी मरतात व काळा चट्टा पडतो. अशा अनेक चट्ट्यांनी शेंडा वाळू लागतो. त्याच जखमांतून बुरशीला आत शिरण्यास दार उघडे मिळते. म्हणजे नुसत्या कीटकाने शेंडा वाळतो आणि नुसती बुरशीही रोग करू शकते, परंतु दोन्ही एकत्र आल्यावर रोग वेगाने पसरतो.

कीटकांकडून रोग पसरण्याच्या तीन रीती

वृक्षरोगांचा विचार करताना कीटकाचे काम तीन प्रकारचे असते, हे कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस समजावून सांगावे.

पहिल्या रीतीत कीटक केवळ दार उघडतो. कडुलिंबावरील ढेकण्या या वर्गात मोडतो.

दुसऱ्या रीतीत कीटक रोगाचे बीज अंगावर घेऊन झाडात शिरतो. उत्तर अमेरिकेतील चीडवृक्षांच्या सालीत राहणारा भुंगा आपल्याबरोबर एक बुरशी नेतो. भुंग्याच्या अळ्या साल पोखरतात आणि बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका बंद करते.

तिसऱ्या रीतीत रोगजंतू कीटकाच्या शरीरात जाऊन तेथे वाढतो आणि नंतर लाळेवाटे दुसऱ्या झाडात उतरतो. चंदनावरील स्पाइक रोग हे याचे उदाहरण होय. या रोगात पाने लहान, ताठ व दाट होतात, पेरे आखूड पडतात आणि फांदी काटेरी कणसासारखी दिसते. लक्षणे दिसल्यावर झाड साधारणतः दोन-तीन वर्षांत मरते. हा रोग 1899 साली कोडगू भागात प्रथम नोंदला गेला. पुष्कळ वर्षे तो विषाणूमुळे होतो असे मानले जाई. 1969 साली सूक्ष्मदर्शकाखाली निराळ्या प्रकारचे सूक्ष्म जंतू आढळले. त्यांनाच आज फायटोप्लाझ्मा म्हणतात. तुडतुड्यांच्या काही जाती तो पसरवितात. वांग्यावरील व तिळावरील पर्णगुच्छ रोग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या रोगाची जात सहज कळेल, कारण तेही फायटोप्लाझ्मामुळेच होतात. मराठवाड्यात अलीकडे चंदनाची लागवड होऊ लागली असून लातूर जिल्ह्याची सीमा कर्नाटकास लागून आहे. यास्तव रोपे कोठून आणावयाची, याचा विचार चंदन लावणाऱ्याने आधी करावा.

उष्णतेचा परिणाम

माणसाचे किंवा बैलाचे शरीर बाहेरची हवा थंड असो वा उष्ण, एकाच उष्णतेवर राहते. कीटकाचे तसे नसते. हवा थंड झाली की त्याचे शरीर थंड होते व वाढ मंदावते. हवा उबदार झाली की अंडी लवकर फुटतात आणि एका हंगामात पिढ्यांची संख्या वाढते. चंदनाच्या रोगासारख्या रोगांत जंतू कीटकाच्या शरीरात वाढावा लागतो. उबदार हवेत ही वाढही लवकर होते व कीटक लवकर रोग देऊ लागतो.

तथापि उष्णता वाढली की कीटक वाढतात, असा सरसकट नियम करणे चुकीचे आहे. प्रत्येक कीटकास सोसवेल अशी एक मर्यादा असते. लोहा भागात मे महिन्यात पारा 42 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि हवा अत्यंत कोरडी असते. अशा वेळी ढेकण्याची कोवळी पिल्ले टिकत नाहीत आणि बुरशीचे बीजाणूही रुजत नाहीत. म्हणून कडक उन्हाळा हा या भागातील कडुलिंबाचा एक नैसर्गिक रक्षकच आहे. तेलंगणात वाळलेल्या झाडांपैकी पुष्कळांना पुढील उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा पालवी फुटली, त्याचे एक कारण यात आहे.

थंड देशांत हेच काम हिवाळा करीत असे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पारा शून्याखाली 40 अंशांच्या जवळ उतरला म्हणजे सालीतील भुंग्याच्या अळ्या मोठ्या प्रमाणावर मरत. 1990 नंतरच्या काळात असे कडक हिवाळे कमी झाले. वणवे विझविल्यामुळे जुनी झाडेही दाट उभी होती. परिणामी सुमारे 1 कोटी 80 लक्ष हेक्टर जंगलात या भुंग्याचा उपद्रव झाला. जपानमध्ये चीडवृक्ष वाळण्याचा एक रोग 1905 साली नागासाकी येथे नोंदला गेला होता. एक सूक्ष्म सूत्रकृमी त्याचे कारण आहे, हे 1971 साली सिद्ध झाले. लांब मिशांचे भुंगे हा कृमी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. ज्या प्रदेशात उन्हाळा थंड असतो, तेथे कृमी झाडात शिरूनही झाड पुष्कळदा वाळत नाही. उष्ण व कोरड्या उन्हाळ्यात मात्र ते लवकर मरते. तात्पर्य, निसर्गाने घातलेला बांध कोठे थंडीचा असतो, तर कोठे उन्हाचा. हवामान बदलले की हा बांध फुटू शकतो.

पाऊस व ओलावा यांचा परिणाम

नांदेड जिल्ह्यात वर्षाला सर्वसाधारणपणे 900 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतो. या पावसाने कडुलिंबास भरपूर कोवळी पालवी येते. ढेकण्यास अंडी घालण्यास व खाण्यास कोवळा शेंडाच लागतो. त्यामुळे पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याची संख्या वाढू लागते. पाऊस वेळेवर उघडला, ऊन पडले आणि फांद्या निबर झाल्या, तर ही वाढ आटोक्यात राहते. परंतु हस्ताचा पाऊस लांबून चित्रा-स्वातीपर्यंत झड राहिली, आभाळ दिवसेंदिवस ढगाळ राहिले व पहाटे दंव पडू लागले, तर तीन गोष्टी एकत्र येतात. कोवळी पालवी टिकून राहते, कीटकास लपण्यासाठी सावली व ओल मिळते आणि बुरशीच्या बीजाणूंना रुजण्यास ओली साल मिळते. या कारणाने शेंडे वाळण्याचे प्रमाण ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत अधिक दिसते.

2021 च्या सप्टेंबरअखेरीस गुलाब चक्रीवादळाच्या अवशेषाने मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन नांदेड व लातूर जिल्ह्यांत पूर आले, हे वाचकांच्या स्मरणात असेल. भारतीय हवामान विभागाने 2020 साली मोसमी पावसाच्या तारखांची फेरमांडणी केली. त्या वेळी देशाच्या अनेक भागांसाठी परतीच्या तारखा पूर्वीपेक्षा उशिराच्या धरल्या गेल्या. पावसाळ्याचे शेपूट असे लांबत गेले, तर शेंडेवाळ रोगास अनुकूल असे दिवस वाढतात, हे उघड आहे.

अवर्षणाचा परिणाम याहून निराळ्या मार्गाने होतो. निरोगी झाडास कीटकाने टोचले, तर ते डिंक व कडू द्रव्ये तयार करून जखम बंद करते. पाण्याच्या टंचाईत ही शक्ती कमी पडते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. जमिनीतील ओल इतकी खोल गेली म्हणजे वृक्षांच्या मुळांवरही ताण पडतो. त्यानंतर एकदम अतिवृष्टी झाल्यास काळ्या जमिनीत पाणी साचून मुळे गुदमरतात. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारे असे हवामान झाडास दोन्हीकडून दुबळे करते आणि दुबळ्या झाडावर रोग लवकर जम बसवितो.

झाड पाहताना घ्यावयाची काळजी

वाळलेले प्रत्येक झाड रोगट असते असे समजू नये. कडुलिंबाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये नैसर्गिक रीतीने पिवळी पडून गळतात व मागोमाग नवी पालवी येते. हा रोग नव्हे. पाण्याच्या ताणाने सर्व झाड एकसारखे मलूल होते. शेंडेवाळ रोगात मात्र फांद्यांची टोके आधी तपकिरी होतात आणि खालची पाने काही काळ हिरवी राहतात. बुंध्यावर भोके व भुसा दिसल्यास तो खोडकिडीचा उपद्रव समजावा. बुंध्याजवळ खोदकाम, विस्तव किंवा रस्त्याचे डांबरीकरण झाले असल्यास तेही लक्षात घ्यावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने आपल्या गावातील कडुलिंबाची दहा झाडे निवडून त्यांवर क्रमांक घालावेत. सप्टेंबर ते जानेवारी या काळात दर पंधरा दिवसांनी ती सकाळी पाहावीत. वाळलेले शेंडे, ताजे काळे चट्टे, ढेकण्याची पिल्ले किंवा प्रौढ आणि त्या पंधरवड्यातील पावसाचे व ढगाळ दिवस, एवढ्या चार गोष्टी वहीत मांडाव्यात. पावसाचे आकडे महसूल मंडळातील हवामान केंद्रावरून मिळू शकतात. दोन-तीन वर्षे अशी नोंद ठेवल्यास आपल्या गावात रोग केव्हा येतो, हे अंदाजाने नव्हे तर पुराव्याने सांगता येईल.

काय करावे?

1. शेंडे वाळलेले दिसताच झाड तोडू नये. बुंधा व मोठ्या फांद्या जिवंत असतील, तर झाड पुन्हा फुटण्याचा संभव मोठा असतो. नखाने साल खरवडून आत हिरवे दिसते का, ते पाहावे.

2. हाताशी येणाऱ्या लहान झाडांच्या वाळलेल्या फांद्या रोगट भागाच्या खाली वीतभर हिरव्या भागात छाटाव्यात. हे काम पाऊस उघडल्यावर कोरड्या दिवशी करावे. पावसात छाटल्यास प्रत्येक काप बुरशीला नवे दार ठरतो. कापावर बोर्डो पेस्ट लावावी. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री किंवा कोयता जंतुनाशकाने पुसून घ्यावा.

3. छाटलेल्या काड्या झाडाखाली पडू देऊ नयेत. त्यांवरील काळ्या ठिपक्यांतूनच पुढील पावसात रोग पसरतो. त्या लगेच उचलून जाळाव्यात किंवा खोल पुराव्यात.

4. झाडाच्या बुंध्याभोवती पाणी साचू देऊ नये. उन्हाळ्यात लहान झाडांना पाणी द्यावे व आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

5. रोपांसाठी निंबोळ्या निरोगी झाडांखालच्याच घ्याव्यात. रोपवाटिकेत रोपे दाटीने ठेवू नयेत व सायंकाळी पानांवर पाणी शिंपडू नये. शेंडे वाळलेली रोपे लागवडीस देऊ नयेत.

6. पेरूच्या बागेजवळ कडुलिंब असल्यास दोन्हींची पाहणी एकाच वेळी करावी, कारण कीटक एकावरून दुसऱ्यावर जातो.

7. कोळी, प्रार्थनाकीटक आणि पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या ढेकण्यास खातात. त्यांचा नाश होईल अशी फवारणी उगाच करू नये.

8. उंच वृक्षांवर विषारी औषधे फवारणे बहुधा व्यर्थ व धोक्याचे असते. औषध शेंड्यापर्यंत पोहोचत नाही, परंतु विहीर, जनावरे, मधमाशा व फवारणारा मनुष्य यांच्यापर्यंत मात्र पोहोचते. रोपवाटिका व कोवळी झाडे यांसाठी फवारणी आवश्यक वाटल्यास परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा किंवा सगरोळी अथवा पोखर्णी येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेऊनच ती करावी. बुंध्यात मीठ, रॉकेल किंवा जळके तेल ओतण्याने झाड बरे होत नाही, उलट मुळे मरतात.

9. चंदनाची रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच आणावीत. स्पाइक रोगावर झाड कायमचे बरे करणारे औषध नाही. संशयित झाड दिसल्यास त्याचे बी किंवा रोपे कोणास देऊ नयेत व वन विभागास त्वरित कळवावे.

मिश्र लागवडीचे महत्त्व

एकाच जातीची झाडे ओळीने उभी असली म्हणजे कीटकास एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्यास श्रम पडत नाहीत. गायरान, रस्ता किंवा धुरा यांवर नवी लागवड करताना कडुलिंबाबरोबर चिंच, करंज, वड, पिंपळ, जांभूळ, बाभूळ यांसारखी स्थानिक झाडे मिसळून लावावीत. यामुळे एका जातीवर रोग आला तरी सावली सर्वस्वी जात नाही, आणि कीटक खाणाऱ्या पक्ष्यांना व मुंग्यांनाही आसरा मिळतो.

पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजविली व गाळून शंभर लिटर पाणी केले, म्हणजे पाच टक्क्यांचा अर्क तयार होतो. या एका उपायाने शेतकऱ्याचा औषधावरील किती खर्च वाचतो, याचा हिशेब त्याने स्वतःच करावा. हा अर्क ज्या झाडापासून मिळतो, त्याच्या शेंड्याकडे वर्षातून चार-सहा वेळा मान वर करून पाहण्यास काहीच खर्च येत नाही. हवामान मनुष्याच्या हाती नाही. पण हस्ताचा पाऊस लांबला की कडुलिंबाकडे लक्ष द्यावयाचे, कोरड्या दिवशी छाटणी करावयाची, रोगट काडी जमिनीवर पडू द्यावयाची नाही आणि निरोगी झाडाचेच बी धरावयाचे, या चार गोष्टी प्रत्येक गावाच्या हातच्या आहेत. त्या नियमाने केल्यास धुऱ्यावरचा लिंब पुढील पिढीसही सावली व निंबोळी देत राहील.